ड्रुपल ७ वरून हलायचंय: ब्लॉक, हेडलेस, स्टॅटिक की ड्रुपलच?

कोरी_पाटी
वेबसाइट चालवायच्या ड्रुपल ७ या प्रणालीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला. साइट अजून त्याच्यावरच आहे. सुमारे ४,००० नोड (मजकुराच्या नोंदी), ६ कंटेंट टाइप (नोंदींचे साचे), प्रत्येकात १५च्या आसपास फील्ड, ३० व्ह्यूज (आपोआप बनणाऱ्या याद्या), ७० बाहेरची मॉड्यूल्स (जोडभाग), दोन भाषा. मजकूर टाकणारे चौघे, त्यांपैकी कोणीही कोड लिहीत नाही. लेखांचे पत्ते देवनागरीत आहेत.

सध्या जो तो हेडलेस म्हणतो (मजकुराची यंत्रणा वेगळी, दाखवणारी साइट वेगळी), दुसरीकडे वर्डप्रेसचे ब्लॉक (पान तुकड्यातुकड्यांनी रचणं), तिसरीकडे स्टॅटिक साइट (आधीच बनवून ठेवलेली एचटीएमएल पानं). यांतलं काय टिकणारं आहे आणि या आकाराच्या साइटला काय झेपेल? शक्यतो अडचणी सांगा, फायदे सगळीकडे वाचायला मिळतात.

खिळा_आणि_हातोडा
आधी एक गैरसमज. ड्रुपल ७ वरून पुढे जाणं म्हणजे अपग्रेड नव्हे, नवीन साइट उभारून त्यात जुना माल ओतणं. २०१५ मध्ये आठवी आवृत्ती सिम्फनी या पीएचपी भाषेतल्या चौकटीच्या घटकांवर नव्याने बांधली गेली, तेव्हाच जुना सलग रस्ता तुटला. नवव्यापासून मात्र एक मोठी आवृत्ती ते दुसरी हा प्रवास खूप सोपा झालाय. म्हणजे हा त्रास एकदाच.

थेट ११ वर जा. त्याला पीएचपी ८.३ लागतं, सर्व्हर आधी तपासा. रिकामी साइट कंपोजरने (पीएचपीची पॅकेजेस आणणारं साधन) उभी करा आणि स्थलांतर पूर्ण होईपर्यंत तिच्यात हाताने एकही नोड टाकू नका. जुने क्रमांक जसेच्या तसे येतात, त्यामुळे टक्कर झाली की तुमचा नवा मजकूर पुसला जातो. सेटिंग्ज फाइलमध्ये जुन्या डेटाबेसची दुसरी जोडणी द्या. मायग्रेट अपग्रेड मॉड्यूलने फक्त कॉन्फिगरेशन तयार करून घ्या आणि मग एकेक भाग ड्रशने (ड्रुपलला आज्ञा देणारं साधन) चालवा: वापरकर्ते, फाइली, टॅक्सॉनॉमी (वर्गीकरण), शेवटी नोड. पहिल्यांदा ५० नोंदींची मर्यादा घालून बघा, चुकलं की रोलबॅक, म्हणजे आणलेलं मागे घ्या.

हमखास अडणाऱ्या जागा:

फाइलींचा मार्ग. 'फाइल्स' फोल्डरचा नव्हे, जुन्या साइटच्या मूळ फोल्डरचा मार्ग द्यायचा असतो. इथे चूक झाली की नोड येतात आणि चित्रं गायब.

पासवर्ड. ड्रुपल १०.१ पासून पासवर्ड साठवण्याची पद्धत बदलली. जुने हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं) ओळखायला पासवर्ड कम्पॅटिबिलिटी हे कोअरमधलं (मूळ ड्रुपलसोबतच येणारं) मॉड्यूल चालू करावं लागतं, नाहीतर एकाही जुन्या सदस्याला लॉगिन होत नाही आणि दोष स्थलांतराला लागतो.

भाषा. जुन्या पद्धतीत प्रत्येक अनुवाद हा स्वतंत्र नोड असायचा, आता एकाच नोडचे अनेक अनुवाद असतात. म्हणजे अनुवादाचा जुना क्रमांक उरत नाही. मजकुरात 'नोड' आणि पुढे क्रमांक असे कच्चे दुवे पेरलेले असतील, तर ते शोधून बदला. एन्टिटी ट्रान्सलेशन हे मॉड्यूल वापरलं असेल तर चित्र वेगळं आहे, कारण तिथे नोड आधीपासूनच एक असतो. कोणतं आहे ते इथे सांगा.

व्ह्यूज आणि थीम येत नाहीत. ३० व्ह्यूज हाताने बांधायचे, टेम्प्लेट ट्विगमध्ये (नव्या ड्रुपलची टेम्प्लेटची भाषा) नव्याने लिहायची. फील्ड कलेक्शन (फील्डचे गट करणारं मॉड्यूल) असेल तर ते पॅराग्राफ्स या मॉड्यूलमध्ये नेता येतं. ७० मॉड्यूल्सची यादी घेऊन बसलात तर बरीच तारीख, मीडिया, व्ह्यूज यांसारखी निघतील. ती आता कोअरमध्येच आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये ड्रुपल सीएमएस नावाने जे आलं, त्याला भुलू नका. चांगलं आहे, पण ते नव्या साइटसाठी तयार पाककृतींचं (रेसिपी, म्हणजे कॉन्फिगरेशनचे तयार संच) ताट आहे, आत ड्रुपल ११ च. पाककृती एकदा लावली की तिचं कॉन्फिगरेशन तुमच्या गळ्यात. मॉड्यूलसारखी ती काढता येत नाही.

वेलांटी
वर्डप्रेसकडे जायचं तर पत्त्यांचं गणित आधी करा. डेटाबेसमध्ये स्लगचा (पत्त्यातल्या लेखाच्या नावाचा) रकाना २०० अक्षरांचा असतो आणि देवनागरी स्लग तिथे टक्केवारीच्या चिन्हांत बदलून साठवला जातो. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, म्हणजे साठवताना ९ अक्षरं. २०० भागिले ९, जेमतेम २२. त्यात काना, वेलांटी, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. 'व्यवस्थापन' या एका शब्दाची १० चिन्हं, म्हणजे ९० अक्षरं गेली. ड्रुपल मात्र पत्ता जसाच्या तसा २५५ अक्षरांपर्यंत ठेवतो. तेव्हा तुमचे लांब पत्ते वर्डप्रेसमध्ये मध्येच कापले जाणार आणि शोधयंत्रांतून येणारा वाचक ४०४ वर ('पान सापडलं नाही') आपटणार. रोमन स्लग ठरवा आणि जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करून ३०१ पुनर्निर्देशन (जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवणं) लावा.

दुसरं, फील्ड. ४,००० नोंदी गुणिले १५ म्हणजे मेटा तक्त्यात (वर्डप्रेस फील्ड जिथे साठवतं तो) ६०,००० ओळी. एसीएफसारखं (जादा फील्ड देणारं) प्लगइन प्रत्येक फील्डसाठी एक संदर्भाची ओळ जोडतं, म्हणजे दुप्पट. आकडा मोठा नाही. पण व्हॅल्यूच्या रकान्यावर मुळात इंडेक्स (झटपट शोधायची सूची) नसतो. तीन-चार फील्डवर गाळणी लावली की तितके जॉइन (तक्त्याच्या जोडण्या) पडतात आणि यादीचं पान रेंगाळतं.

ब्लॉकचं म्हणाल तर २०१८ च्या अखेरीस वर्डप्रेस ५.० सोबत आले, २०२२ च्या सुरुवातीला ५.९ मध्ये अख्खी थीमच ब्लॉकांची करता येऊ लागली. ते टिकणार यात शंका नाही, मजकूर टाकणाऱ्यांना आवडतातही. फक्त ब्लॉकची बरीचशी माहिती मजकुरातच एचटीएमएल टिप्पण्यांमध्ये लिहिलेली असते. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर ती सोलून काढावी लागते.

उलटा_स्लॅश
हेडलेसबद्दल. मजकूर एकाच वेळी साइट, मोबाइल ॲप आणि आणखी कुठे जाणार असेल तरच त्यात पडा. इथे साइट एकच दिसतेय. मग प्रकाशनापूर्वीचं पूर्वदर्शन, मेनू, फॉर्म, शोध, कॅश (साठवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करणं हे सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि सांभाळायला एकाऐवजी दोन यंत्रणा. चौघा संपादकांची पहिली तक्रार ठरलेली: 'सेव्ह केलं, पण साइटवर दिसत नाही.'

शिवाय परवाना वाचा. डायरेक्टस या हेडलेस प्रणालीने २०२३ मध्ये जीपीएल हा मुक्त स्रोताचा परवाना सोडून बीएसएल घेतला. कोड दिसतो, लहान संस्थांना फुकट वापरताही येतो, पण मुक्त स्रोताच्या व्याख्येत तो बसत नाही. ज्याच्या मागे एकच कंपनी आहे अशा कोणत्याही प्रणालीत ही शक्यता धरून चाला. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांच्या कोडवर हजारोंचा हक्क आहे, तिथे परवाना बदलणं जवळपास अशक्य.

उद्या हवंच झालं तर ड्रुपल सोडायची गरज नाही. ड्रुपल ८.७ पासून जेसन:एपीआय (मजकूर दुसऱ्या प्रणालीला पुरवायची सोय) कोअरमध्येच आहे. फक्त एका मागणीला ५० च नोंदी मिळतात, पुढच्या पानाचा दुवा धरून फिरावं लागतं. 'आमच्या ५० च बातम्या का येतात?' हा प्रश्न दर काही दिवसांनी कोणीतरी विचारतंच.

जुनं_ते_सोनं
बॅकड्रॉपचं नाव कोणीच घेतलं नाही. ड्रुपल ७ मधूनच फुटलेली शाखा, पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ ची. इथे खरंच अपग्रेड होतो: डेटाबेसची प्रत घ्या, बॅकड्रॉपवर न आलेली मॉड्यूल्स जुन्या साइटवरच बंद करून अनइन्स्टॉल करा (नुसती बंद करून भागत नाही), मग ती प्रत बॅकड्रॉपला जोडून अपडेट स्क्रिप्ट चालवा. व्ह्यूज कोअरमध्ये असल्याने ते सोबत येतात, थीमलाही थोडीच डागडुजी. समुदाय लहान आहे, हे खरं. भाषांची उपमॉड्यूल्स मात्र एकेक तपासा, घोडं तिथेच अडतं.

स्टॅटिकचा विचार पूर्ण साइटसाठी नको, कोड न लिहिणाऱ्या चौघांना गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायचं साधन) शिकवत बसाल. पण एखादा जुना विभाग आता बदलतच नसेल, तर त्याची पानं एचटीएमएल म्हणून उतरवून त्याच पत्त्यांवर ठेवा. स्थलांतराचा बोजा तेवढा कमी.

कोरी_पाटी
एन्टिटी ट्रान्सलेशन नाही, अनुवाद वेगळे नोड आहेत. ६ पैकी २ कंटेंट टाइप २०१६ नंतर बदललेले नाहीत, साधारण १,१०० नोड; ते एचटीएमएल करता येतील. कच्चे दुवे कसे शोधू?

खिळा_आणि_हातोडा
बॉडी फील्डच्या तक्त्यात 'node/' हा (रोमन लिपीतला) मजकूर शोधणारी साधी क्वेरी चालवा. रिव्हिजनचा (जुन्या आवृत्त्यांचा) तक्ता नको, नाहीतर एकच दुवा दहादा दिसेल. ब्लॉक आणि मेनूच्या तक्त्यांतही बघा, तिथले सगळेच विसरतात. आणि ते १,१०० नोड स्थलांतराच्या यादीतून गाळण्याआधी बाकीच्या नोडमधून त्यांना नोड रेफरन्स फील्डने जोडलंय का ते पाहा. असेल तर ते दुवे तुटतील.