किशोर कादंबरीतला मृत्यू: शेवटच्या पानावर की पाऊण पुस्तक झाल्यावर?

टाचण (धागाकर्ता)

दोनशे पानांची कादंबरी. आजारपण, शाळा, मैत्री, प्रेम सगळं रीतसर चाललेलं, आणि १९८व्या पानावर मुलगा जातो. १९९वर मुलगी गच्चीत जाऊन आभाळाकडे बघते. २००वर कविता. बारा ते सतरा वयासाठी लिहिताना हा साचा पहिल्यांदा मोडायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. मृत्यू दीडशेव्या पानाच्या आसपास यावा आणि उरलेली पन्नास पानं मागे राहिलेल्याची असावीत.

नायक जाणार हे वाचकाला मलपृष्ठावरच कळलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होतं, हे त्याला माहीत नसतं. कॅथरीन पॅटरसनचं 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) बघा. प्रकरणं तेरा. जेसची जिवलग मैत्रीण लेस्ली गेल्याची बातमी दहाव्याच्या शेवटी, तीही जेसला घरी बहिणीच्या तोंडून कळते. ती दोर तुटून ओढ्यात पडली तेव्हा तो संगीताच्या बाईंबरोबर वॉशिंग्टनला चित्रं बघत होता. म्हणजे मृत्यूचा प्रसंग पुस्तकात नाहीच. पुढच्या तीन प्रकरणांत मात्र काय काय आहे! जेस पॅनकेकची चळत फस्त करतो आणि बहीण त्यावरून टोमणा मारते. आपला जिवलग दोस्त मेला म्हणजे आता आपण कुणीतरी खास झालो, असंही त्याच्या मनात येऊन जातं. लेस्लीने दिलेले रंग तो ओढ्यात भिरकावतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं दुःख असंच असतं: भूक लागते, आणि भूक लागल्याची लाज वाटते.

'द फॉल्ट इन अवर स्टार्स'मध्येही (२०१२; कर्करोग झालेल्या हेझल आणि ऑगस्टसची प्रेमकथा) पंचवीस प्रकरणांपैकी एकविसाव्याच्या सुरुवातीलाच ऑगस्टस जातो.

खडूस वाचक

दीडशेवं पान! उद्या प्रेमात कितव्या पानावर पडायचं तेही सांगा.

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. रात्री ४२. आई जाते ती अगदी शेवटी. 'भस्ममय मूर्ती' ही एकेचाळिसावी रात्र, त्यानंतर फक्त एक. तुमच्या हिशेबाने पुस्तक आपटायला हवं होतं.

टाचण

आई गेलेली आहे हे तिथे पहिल्या रात्रीपासून ठाऊक असतं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना मागचं सांगतोय. त्या पुस्तकात आई नसल्याची पानं शेवटाला नाहीत, ४२च्या ४२ रात्री तीच आहेत.

खडूस वाचक

मग मुद्दा पानाचा राहिलाच नाही. कोण सांगतंय आणि कधी सांगतंय, एवढंच उरलं. लेखकाने आधी ते ठरवावं. मरणारा 'मी' वर्तमानकाळात बोलत असेल, तर तुमची पन्नास पानं लिहिणार कोण?

लाल सलाईन

पान कुठलं हे नंतर भांडा, आधी कॅलेंडर लावा. मराठीत आजार अजून हिंदी सिनेमाचा चालतो: रुमालावर रक्ताचा डाग, डॉक्टर चष्मा काढून 'फक्त तीन महिने'.

पंधरा वर्षांच्या मुलाला हाडाचा कर्करोग, म्हणजे ऑस्टिओसार्कोमा द्यायचा असेल, तर तो बहुतेक वेळा गुडघ्याच्या जवळपास होतो. सुरुवात दुखण्याने, सुजेने. घरचे म्हणतात खेळताना लागलं असेल, मालिश करतात, आणि काही आठवडे असेच जातात. (मालिश करणारी आजी हे तुमचं पहिलं प्रकरण. अपराधीपणा तिथेच पेरला जातो.) मग एक्स-रे, एमआरआय, बायोप्सी, छातीचा सीटी, कारण हा पसरतो तो मुख्यतः फुप्फुसात. साधारण दहा-बारा आठवडे केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो. सगळं मिळून आठ-नऊ महिने धरा. पाय कापावाच लागतो असं नाही, आता पुष्कळदा गाठ काढून आत धातूचा सांधा बसवतात.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध लालभडक असतं, पुढचा दिवसभर लघवीही लालसर होते. मुलाला कुणी सांगितलं नसेल तर तो घाबरून कडी लावून बाथरूममध्ये बसेल. केस त्याच दिवशी गळत नाहीत, दोन-तीन आठवड्यांनी उशीवर दिसायला लागतात. पांढऱ्या पेशींचे काउंट केमोनंतर सात ते चौदा दिवसांत तळाला जातात, म्हणजे कुठलाही संसर्ग चटकन होतो. त्या दिवसांत नायक-नायिका दादरच्या पुलावरच्या गर्दीत हातात हात घालून फिरताना दिसले, तर तुम्ही अभ्यास केलेला नाही. काउंट पडलेले असताना ताप १००.४ला गेला की रात्री दोन वाजतासुद्धा रुग्णालय गाठायचं. घरोघरी त्यासाठी बॅग भरून ठेवलेली असते. प्रेमकथेला लागणारा अडथळा आयता मिळतो, खलनायक बाप लागत नाही.

अर्धविराम

तपशील उत्तम, पण कादंबरी म्हणजे केसपेपर नव्हे. 'फॉल्ट'मधलं फॅलँक्सिफोर हे औषध लेखकाने बनवलेलं आहे आणि तसं त्याने कबूलही केलंय. कोट्यवधी वाचकांचं काही अडलं नाही.

लाल सलाईन

औषध काल्पनिक आहे, ऑक्सिजनची नळी नाही. हेझल ते सिलिंडरचं गाडं जिन्यावरून कसं ओढते, दम कुठे लागतो, हे नेमकं आहे म्हणून खोटं औषध खपून जातं. आपल्याकडचा बी-टाईप सिलिंडर साधारण दीड हजार लिटरचा. मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तास, चारने सव्वासहा. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला लिफ्ट बंद असताना भेटायला कोण जाणार, हे त्या आकड्यावर ठरतं.

पाटीपेन्सिल

तुम्ही सगळे परदेशी घडण धरून बोलताय. हेझल, ऑगस्टस आपल्या मरणावर कोट्या करतात, कारण त्यांना सगळं सांगितलेलं आहे. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाला बहुतेक घरांत सांगतच नाहीत. 'पायात पाणी झालंय', 'इन्फेक्शन आहे'. मुलगा फाइलवर टाटा मेमोरियल वाचतो, परळच्या फुटपाथवर अंथरुणं टाकलेली माणसं बघतो, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत खोलीतली सगळी मुलं टकली दिसतात, आणि तरी आईसमोर काही माहीत नसल्याचं नाटक करतो. आईही करते. मित्राला मात्र सगळं कळलेलं असतं, त्याच्या आईने फोनवर बोलताना ऐकून. तीन जणांना माहीत आणि तिघेही गप्प: मराठी किशोर कादंबरीचं खरं इंजिन हे आहे. मृत्यू १५०वर आणा नाहीतर १९८वर, हे गुपित ६०व्या पानाच्या आत फुटलं नाही तर मधला भाग रडगाणं होतो.

खडूस वाचक

फुटूच नये. शेवटपर्यंत.

पाटीपेन्सिल

मग प्रेमात दोघं एकमेकांशी खरं कधी बोलणार?

सातवी तुकडी

धागाकर्त्याच्या विरोधात एक पक्कं उदाहरण: ॲडम सिल्व्हेराचं 'दे बोथ डाय ॲट दी एन्ड' (२०१७). मध्यरात्रीनंतर फोन येतो, आज तुमचा शेवटचा दिवस. मातेओ आणि रूफस एकाच दिवसात भेटतात, प्रेमात पडतात, मरतात. पन्नास पानांचा शोक वगैरे काही नाही, तरी मुलं झपाटल्यासारखी वाचतात. नावातच शेवट सांगून टाकला की 'जगेल का' हा प्रश्न मिटतो, आणि 'आज काय करायचं' एवढाच उरतो.

टाचण

मातेओ आधी जातो आणि रूफसला त्याच्याशिवाय काही तास काढावे लागतात. थोडक्यात का होईना, ती पानं आहेतच. धन्यवाद.

अर्धविराम

मला वेगळीच अडचण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. पुस्तकांत मात्र जवळपास सगळीच मरतात, तीही श्रीमंत देशांतल्या पुस्तकांत. वॉर्डातल्या मुलीने हे वाचलं तर काय समजायचं? बऱ्या झालेल्यांची प्रेमकथा कुणी लिहीत नाही. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. 'स', 'श' निसटतात. वर्ग मागे पडलेला, मित्र पुढच्या इयत्तेत, दर तपासणीआधी पोटात गोळा. मृत्यूला सामोरं जाणं यातही आहेच.

लाल सलाईन

हे मान्य. डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाचा इको पुढे वर्षानुवर्षं करत राहावा लागतो, तेही घाला. पण धाग्याचं नाव 'मृत्यू कुठल्या पानावर' आहे.

टाचण

अर्धविराम, तुमची कादंबरी वेगळी, ती कुणीतरी जरूर लिहा. माझा हट्ट फक्त मारायचंच ठरवलेल्यांसाठी. त्या पन्नास पानांत काय घालायचं तेही सांगतो: हजेरी घेताना बाई त्या नंबरावर अडखळतात ते, व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याला कोण काढणार यावरून झालेली भांडणं, दहाव्याला मैत्रिणीला बोलवायचं की नाही यावर घरात झालेली कुजबुज, आणि तिसऱ्या आठवड्यात ती एका फालतू विनोदावर खळखळून हसते ते.

खडूस वाचक

ग्रुपचं भांडण चांगलं आहे. पण ते घालायचं तर ग्रुप दहाव्या पानापासून हवा, आणि त्यात त्याचे भंकस मेसेजही हवेत. १५१व्या पानावर नवीन ग्रुप उघडलात तर धरून मारीन.