बाबांची येझदी विकू की ठेवू? गाडीवर जीव असलेल्यांनी सांगा

कुळागर८८:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय आणि लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

मी गोव्यातल्या सांखळीचा. बाबांची येझदी रोडकिंग मोटरसायकल आहे, १९८८ ची, नंबर पण जुना, जीडी अक्षरांनी सुरू होणारा. बाबा खाणीच्या ऑफिसात होते, रोज त्याच गाडीने जाणं-येणं, पावसाळा सोडला तर आठ महिने ट्रकांच्या मागनं लाल धूळ खात. घरी आले की स्वतः आंघोळीला जायच्या आधी गाडी पुसायचे, चहा पण नंतर. एक मऊ फडकं फक्त टाकीसाठी होतं, ते दुसऱ्या कशाला वापरलं तर ओरडा बसायचा. आणि एक सवय होती, आमच्या घराच्या वळणाआधी पेट्रोलचा कॉक बंद करायचे, मग कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपत संपत गाडी बरोबर पडवीसमोर येऊन आपोआप बंद पडायची. एवढा अंदाज. लहानपणी मला ती जादू वाटायची.

बाबा माणसांशी फार बोलायचे नाहीत, पण गाडीशी बोलायचे. थंडीत स्टार्ट झाली नाही की हळूच "चल गो बाय, उशीर जाता" असं म्हणायचे, मी ऐकलंय.

२०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरचं सगळंच विस्कटलं. मारुती विकली, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, पण येझदीला गिऱ्हाईक येऊन सुद्धा बाबांनी नाही म्हटलं. आई तेव्हा काही बोलली नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. गाडी तेव्हापासून पडवीच्या टोकाला ताडपत्रीखाली उभी आहे. आता आई म्हणते विकून टाक. बेळगावहून एकजण विचारून पण गेलाय, पैसे चांगले देतोय. मी पणजीला स्कूटरने जातो, मला येझदी नीट चालवता पण येत नाही, बाबांनी दोनतीनदा शिकवली तेवढीच. पण विकायचा विषय निघाला की घशात काहीतरी अडकतं. बायको म्हणते लोखंडात एवढं काय गुंतायचं. तुम्हाला कोणाला असं होतं का? आणि ठेवायचीच तर काय काय करावं लागेल? आरसी बाबांच्याच नावावर आहे, २०२३ ला रिन्यू केलेली.

बार्देशवालो:
होतं रे बाबा, आणि त्यात लाज वाटायचं काही नाही. माझ्याकडे कास्ट आयर्न बुलेट आहे, १९७९ ची, उजवीकडे गिअर, डावीकडे ब्रेक. नवीन माणूस बसला तर गिअर समजून ब्रेक दाबतो.

तुझी बायको लोखंड म्हणते ना, मी सांगतो ते लोखंड अंगात कसं शिरतं. माझी गाडी स्टार्ट करायला आधी हळूहळू किक दाबत जायचं, पाय अडला की समजायचं पिस्टन वर आलाय, मग ॲमीटरचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या मीटरचा, काटा बघायचा, काटा मध्ये आला की डीकॉम्प्रेसरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, छोटा लिव्हर ओढून किक अगदी थोडीशी पुढे न्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सरळ लांब किक. काटा न बघता नुसती ताकद लावली तर ती किक उलटी येते, पोटरीवर असा तडाखा बसतो की दोन दिवस लंगडावं लागतं, माझा बसलाय. हे सगळं वीस-बावीस वर्षं रोज सकाळी केलं की तिचा श्वास तुला कळायला लागतो. टॅपेट वाजतंय का, टायमिंग पुढे गेलंय का, चेन सैल आहे का, हे मी बायकोशी बोलत असताना सुद्धा ऐकत असतो. ज्या वस्तूकडे रोज एवढं कान देऊन बसावं लागतं तिच्यावर जीव बसणार नाही तर काय होईल?

विकू नको. पैसे दोन महिन्यांत संपतात.

अनमोडघाट:
बार्देशवालो भाऊ, मान आहे पण एक बोलतो. जुन्या किकवाल्यांनाच प्रेम कळतं असं नका समजू. माझी गाडी बटणावर चालू होणारी, फ्युएल इंजेक्शनवाली, ॲमीटर नाही की कॉक नाही. २०१९ ला तीच घेऊन मी लेहला गेलो, खारदुंगला ५,३५९ मीटर, वर हवा इतकी विरळ की माझंच डोकं दुखत होतं आणि ती बिचारी कुरकुर न करता चढत होती. पण जीव जडला तो तिथे नाही. जडला चोर्ला घाटात. जुलै महिना, रात्र, धुकं असं की हेडलाइटचा उजेड परत तोंडावर येत होता, रेंज नाही, मागेपुढे कोणी नाही, वडील हॉस्पिटलात आणि मी बेळगावहून घरी निघालेलो. दोन तास फक्त ती आणि मी. घाट उतरून खाली आलो तेव्हा मी टाकीवर डोकं टेकून रडलो. त्या रात्री तिने मला घरी आणलं ही गोष्ट मी कोणाला समजावू शकत नाही. तेव्हापासून दसऱ्याला झेंडूचा सगळ्यात मोठा हार तिचा.

कुळागरभाऊ, तुझी गाडी तुला बाबांकडून आलीय, तुझा स्वतःचा प्रवास तिच्यावर अजून झालेला नाही. तो एकदा कर, मग ठरव.

पायलटाची_लेक:
दादा, तुमचं वाचून दोनदा उठून पाणी प्यायले.

माझे पप्पा म्हापशाला पायलट होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पायलट म्हणजे आमच्याकडची मोटरसायकल टॅक्सी, पिवळा मडगार्ड, पिवळी नंबरप्लेट, मागे एक पॅसेंजर. शुक्रवारच्या बाजाराला पप्पा पहाटे निघायचे, मागे बसणाऱ्या बायकांच्या पिशव्या टाकीवर स्वतःच्या पोटाशी धरून घ्यायचे. स्प्लेंडर होती. मीटर दोनदा बदलला त्यामुळे किती किलोमीटर झाली त्याचा हिशोबच नाही. आमच्या तिघांच्या शाळेची फी, आईचं ऑपरेशन, घराचे पत्रे, सगळं त्या एका सीटवरून आलं. पप्पा सकाळी हँडलला हात लावून तो कपाळाला लावायचे, देवाला लावतात तसा. गुडघे गेले तेव्हा धंदा बंद केला आणि गाडी पण गेली, पण मडगार्ड त्यांनी काढून ठेवला. तो अजून आमच्या हॉलमध्ये भिंतीला आहे, पाहुणे विचारतात हे काय.

पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य आहे, आईच्या पाटल्या गहाण पडल्या आणि गाडी राहिली. तुम्ही ते लिहून पुढे गेलात. सगळे भाऊ पण पुढे गेले. त्या माऊलीने ते बारातेरा वर्षं मनात ठेवलंय हो. ठेवायची की विकायची हे आम्हाला विचारायच्या आधी आईजवळ बसा आणि तिला नक्की काय टोचतंय ते विचारा. गाडीवर बाबांचा जीव होता त्याची किंमत घरात कोणीतरी दिली आहे. मी हे भांडायला म्हणत नाही, माझ्या आईने पण पप्पांच्या गाडीच्या हप्त्यांसाठी काय काय सोडलं ते मी बघितलंय म्हणून म्हणते.

टू_टी:
डिचोली साइडला माझं गॅरेज आहे, तीस वर्षं टू-स्ट्रोकच करतो, येझदी, राजदूत, यामाहाची आरएक्स. भावनेचं वरच्यांनी लिहिलंय, मी गाडीचं लिहितो.

ताडपत्री आजच काढ. हे पहिलं. आपल्या हवेत ताडपत्रीखाली घाम धरतो, वरून पाऊस लागला तर एकवेळ चालेल पण आतला घाम क्रोम खातो आणि टाकी आतून गंजते. सुती चादर टाक, हवा लागू दे. एक वर्ष उभी म्हणजे आतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही, चिकट होऊन कार्बोरेटरच्या बारीक भोकांत, जेटमध्ये बसलंय. त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, ते पाणी ओढतं, पाणी टाकीच्या तळाला बसतं, आणि जुन्या गाड्यांचे रबराचे पाइप आणि वॉशर त्याने फुगतात. क्रँकचे ऑइल सील उभ्या उभ्या कडक होतात, मग गाडी हवा ओढते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतो, हे तर हमखास.

म्हणून सांगतो, उत्साहात येऊन किक मारू नको. आधी टाकी रिकामी, कार्बोरेटर खोलून धुवायचा, प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडायचं, किक हाताने हळू फिरवून पिस्टन मोकळा आहे का बघायचं, मग पुढचं. येझदीला वेगळा ऑइल पंप नाही हे लक्षात ठेव, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं आणि मिसळल्यावर गाडी दोन्ही बाजूला हलवायची. ते विसरलं की पिस्टन जाम, रस्त्यातच. एका पंपावरच्या पोराने एकदा माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत नुसतं पेट्रोल भरलं, घाट चढताना मागचं चाक लॉक झालं, नशिबाने वाचला.

चालवायला घाबरू नको. जी किक तीच वळवून पुढे आणली की गिअर, सगळं डाव्या बाजूला, आणि गिअर टाकताना पायाने क्लच आपोआप सुटतो. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आवाज तुला माहीतच आहे.

आता माझं मत. चालू ठेवणार असशील तर ठेव, नाहीतर बेळगाववाल्याला दे. नुसती उभी करून ठेवू नको. आठवड्यातून एकदा जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणारे असतात, त्याने उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. दहाबारा किलोमीटर चालव, चांगली गरम होऊ दे. मैसूरची फॅक्टरी १९९६ ला बंद पडली आणि तरी ह्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, त्या चालवणाऱ्या माणसांमुळे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले सगळीकडे गाड्या बाहेर काढतात, गोव्यात पण आहेत, एकदा येऊन बघ, पार्ट कुठे मिळतात ते पण तिथेच कळेल.

कागदाचं, आरटीओत फॉर्म ३१ असतो, मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा. मृत्यूचा दाखला, आरसी, वारसाचे कागद आणि आईची सही. तीन महिन्यांत करायचं असतं, तुला उशीर झालाय, थोडा दंड बसेल पण करून घे. रिन्युअलला २०२८ पर्यंत वेळ आहे. फी मात्र २०२२ ला ३०० ची १००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना आता त्याहून जास्त, तेवढी तयारी ठेव.

कुळागर८८:
चार दिवसांनी लिहितोय, माफ करा.

पायलटाची लेक, बाय, तुमचं वाचून मला स्वतःचाच राग आला. रात्री जेवल्यावर आईजवळ बसलो आणि सरळ पाटल्यांचं विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली पाटल्या बाबांनी दोन वर्षांनी सोडवून आणल्या, तुला माहीत नाही, तू तेव्हा पुण्याला होतास. बाबांनी एका गॅरेजमध्ये संध्याकाळचं हिशोबाचं काम धरलं होतं आणि त्या कामाला जायला हीच गाडी होती. मला हे खरंच माहीत नव्हतं.

मग विकायला का सांगतेस म्हटलं. तर म्हणाली, मी सकाळी विहिरीवर जाते तेव्हा ती ताडपत्री दिसते, कोणाचं तरी मढं झाकून ठेवल्यासारखं वाटतं, मला बघवत नाही. एवढंच. पाटल्यांचं नव्हतंच काही. वळणावर आवाज आला की ती भाकरी तव्यावर टाकायची, एवढी वर्षं. आता वळणावर आवाज येतो तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा.

ताडपत्री काढली. मागचा मडगार्ड खालून गेलाय, टाकीवर पण फोड आलेत, पण बाबांचं ते मऊ फडकं सीटखाली तसंच घडी घालून होतं. बेळगाववाल्याला विकत नाही म्हणून सांगितलं. बायको काही बोलली नाही, फडकं मात्र तिनेच धुऊन वाळत घातलं.

टू टी भाऊ, रविवारी आणली तर चालेल का? कशी आणू, ढकलत की पिकअपमध्ये?

टू_टी:
पिकअपमध्ये आण. वर्षभर उभी आहे, ब्रेक चिकटले असतील, ढकलत आणू नको. जुनं पेट्रोल घरीच डब्यात काढून घे, टाकी रिकामी करून ये. सीट सोडवून हातात घे, दोरीने फाटते. दोरी हँडलला बांध, सायलेन्सरला नको. आणि बाबांची हत्यारांची पिशवी असेल तर ती पण आण, त्या काळचे पाने आता मिळत नाहीत.

कुळागर८८:
पिशवी आहे. प्लगचा पाना नाही त्यात. मी सहावीत असताना माझ्या हातून विहिरीत पडला होता आणि मी सांगितलंच नाही. बाबा एक दिवस शोधत होते, मग शेजाऱ्यांकडून मागून आणायला लागले, मला कधी विचारलं नाही.

टू_टी:
माझ्याकडे दोन आहेत. एक घेऊन जा. रविवारी नऊच्या आत ये, नंतर ऊन लागतं.

पायलटाची_लेक:
आईला पण घेऊन जा दादा. देव बरें करूं.