गावाकडचा ग्रुप : टाकीच्या अर्जावरनं झालेली चर्चा

तात्या : नमस्कार मंडळी. एका कंपनीच्या फौंडेशननं सीएसआरमधनं (कंपन्या समाजकामाला देतात त्या पैशातनं) गावांच्या पाणी योजनांसाठी अर्ज मागवलेत. जिल्ह्यातली मोजकीच गावं घेणार. मी मसुदा केलाय. "आमच्या गावात पाण्याची तीव्र टंचाई असून नवीन उंच टाकी मंजूर व्हावी ही नम्र विनंती." उद्या शिक्का मारून देतो. कुणाची वर ओळख असली तर सांगा.

दादा : लई भारी तात्या!

ताई : तात्या, उद्या नका देऊ. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, जाहिरात मी वाचलीय. तिथं मुद्द्याला गुण आहेत, ओळखीला नाहीत. तीव्र टंचाई तर सगळीच गावं लिहिणार. आपल्याला रोज पाणी किती मिळतं ते सांगा आधी.

तात्या : पन्नास हजार लिटरची टाकी हाय. दिवसातनं दोनदा भरतोय. माणसं 1400 धर.

ताई : म्हणजे 1 लाख लिटर. माणशी 71. जलजीवन मिशनचा निकष रोज माणशी 55 लिटरचा आहे. तपासणारा कॅल्क्युलेटर घेऊन बसला की पहिल्याच पानावर विचारेल, टंचाई कुठाय?

काकी : कुठाय म्हंजे? वरच्या आळीत ये की एकदा. घागर भरंस्तोवर भाकरी करपत्यात. आणि खाली गाड्या धुत्यात.

ताई : काकी, हेच लिहायला पाहिजे अर्जात! पाणी आहे, वर चढत नाही.

बाळू : चढंल कसं? खाली निम्म्या नळांना तोट्या न्हाईत. त्यात डायरेक्ट नळाला मोटरी लावल्यात.

तात्या : ग्रुपवर कुणाची नावं घेऊ नका.

बाळू : नाव कुठं घेतलं? तुमची बी एक हाय म्हणून गप बसलोय.

दादा : 😂😂

ताई : बाळू, एक काम कर. 10 लिटरची बादली घे. पाणी सुटल्यावर खालच्या आळीत एका नळाखाली आणि वरच्या आळीत काकींच्या नळाखाली लाव. किती वेळात भरते ते मोबाइलवर बघ. वर पाणी किती मिनिटं टिकतं तेही. व्हिडिओ काढ, तारीख-वेळ दिसली पाहिजे.

बाळू : झालं. खाली 35 सेकंद. काकीकडं साडेचार मिनिटं. आणि 25 मिनिटांत पाणी बंद.

ताई : म्हणजे काकींच्या घरात दिवसाला साधारण साडेपाच बादल्या. 55 लिटर. निकष माणशी 55 चा, आणि वर अख्ख्या घराला मिळून 55! तात्या, अर्जाची सुरुवात ह्या वाक्यानं करायची. "तीव्र", "भीषण", "वणवण" सगळं काढून टाका.

तात्या : वाक्य झक्कास हाय. पण मग टाकीचं काय?

ताई : सध्याची टाकी गळते का ते आधी बघू. रात्री भरून आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, पातळीला खूण करा, पहाटे परत बघा. गळत नसली तर नवी मागू नका. वरच्या आळीला वेगळी लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह, टाकीच्या तोंडाला मीटर, सगळीकडं तोट्या. खर्च कमी, फरक सांगता येण्यासारखा. वर्षानं बाळू तीच बादली लावेल.

तात्या : टाकीवर नाव तरी घालता येतं पोरी. तोटीवर कुणाचं नाव घालायचं?

काकी : माझं घाला.

तात्या : बरं. पण टंचाई अगदीच खोटी न्हाय. पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले की कुंभी नदीचं पाणी उतरतंय, जॅकवेलचं (पाणी उपसायच्या नदीकाठच्या विहिरीचं) तोंड उघडं पडतंय. पाऊस लागंपर्यंत टँकर. आणि महापुरात तर उलटंच. 2019 ला आणि 2021 ला पंपघरातला पॅनल बोर्ड पाण्यात. मोटर परत भरून आणली दोन्ही खेपेला.

ताई : हे मसुद्यात का नाही? कुठल्या दिवसांत टंचाई आणि कशामुळं, असं लिहिलं की कुणी खोडू शकत नाही. पॅनल पुराच्या रेषेच्या वर उचलायचा खर्चही धरा. मोटर भरल्याची बिलं असतील ना ग्रामपंचायतीत?

तात्या : बघाय लागंल.

दादा : अर्ज कुणाच्या नावानं? आपल्या तरुण मंडळाच्या?

ताई : नाही चालणार. सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडं सीएसआर-1 नोंदणी लागते, 1 एप्रिल 2021 पासून. आयकर खात्याची 12ए, 80जी नोंदणी आणि तसल्या कामाचा 3 वर्षांचा अनुभवही. मंडळाकडं गणपतीचा आहे फक्त. अशी नोंदणी असलेली संस्था जोडीला घ्यायची. ग्रामसभेचा आणि पाणीपुरवठा समितीचा ठराव आपला. अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा उपविभागाकडून, सरकारी दरसूचीनं. हेच काम दुसऱ्या योजनेत धरलेलं नाही असा दाखलाही जोडा. पाणी तपासणीचा अहवाल आणि ओटी टेस्टची (पाण्यात क्लोरीन आहे का बघायच्या चाचणीची) वही तर हवीच.

दादा : ओटीची वही एकाच पेनानं, एकाच दिवशी भरलेली असती सगळीकडं.

ताई : म्हणून आजपासून रोज भरा.

तात्या : पाणीपट्टीबद्दल बी विचारलंय त्यात. वसुली निम्मीच हाय. ते झाकूया काय?

ताई : अजिबात नाही. हिशेबात दिसतंच ते. मोटरचं लाइटबिल कशातनं भरता हे त्यांना बघायचंय. त्यांचे पैसे संपल्यावर योजना चालवणार कोण, ह्याला सगळ्यांत जास्त गुण आहेत. वरच्या आळीची थकबाकी जास्त असेल.

काकी : असणारच. न येणाऱ्या पाण्याची पट्टी कोण भरंल?

ताई : काकी, हे तुमच्याच शब्दांत घालते. पाणी वर पोचल्यावर वरची आळी पट्टी भरेल, असा ठराव ग्रामसभेत घ्या. मोटरी काढायचाही त्याच ठरावात.

तात्या : मोटरीचा ठराव मीच मांडायचा व्हय?

बाळू : सूचक तात्या. अनुमोदक मी.

तात्या : बरं बरं. ग्रामसभेची नोटीस काढायला सांगतो. आणखी काय पाहिजे?

ताई : पंपघराच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणेचा फोटो. शेजारी टेप धरून.

काकी : भिंत रंगवली की गेल्या साली. खूण गेली.

ताई : मग तलाठ्याकडं दोन्ही पुरांचे पंचनामे असतील, त्यांच्या प्रती काढा. बाळू, 2021 चे फोटो मोबाइलमध्ये आहेत का तुझ्या?

बाळू : हायत. पण सगळ्यात मीच फुडं उभा हाय.

ताई : असू दे. तुझ्या छातीपर्यंत पाणी दिसतंय ना, पाठव.