माळव्यात मटणासाठी मेंढी: डॉर्परचा संकर की देशी नर?

महूकर: इंदूरच्या आसपास मटणासाठी मेंढी पाळायची तर लोकरीची पाळूच नये, असं माझं ठाम मत आहे. जाडीभरडी लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. पावसात भिजलेल्या लोकरीत माशा बसतात, अळ्या पडतात. दक्षिण आफ्रिकेत १९३० च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या तोंडाची पर्शियन या मेंढ्यांच्या जातींच्या संकरातून डॉर्पर तयार होऊ लागली. अंगाला भरपूर मांस, लोकर आपोआप गळते. मारवाडहून येणाऱ्या रेबारी मेंढपाळांकडून माद्या घ्या आणि डॉर्परचा मेंढा सोडा.

देवासचे काका: वजन वाढेल, कातरणी मात्र सुटणार नाही. लोकरी मादीला गळणारा नर दिला की पहिल्या पिढीतली बरीच कोकरं अर्धवटच गळतात, अंगावर लोकरीचे पट्टे राहतात. अंग साफ व्हायला पिढ्यान्‌पिढ्या गळणाराच नर द्यावा लागतो. संकर आपसात लावलेत तर पहिल्या पिढीचा जोमही ओसरतो. मग दरवेळी नवा नर आणणार कुठून? गायीसारखं गोठवलेलं वीर्य भरू म्हणाल, तर मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड इतकं वळणावळणाचं असतं की नळी आत जात नाही, दुर्बिणीने भरावं लागतं. त्यापेक्षा दक्षिणेतल्या नेल्लूर किंवा मेचेरी जातीचा नर आणा. त्यांच्या अंगावर लोकर नसतेच, केस असतात.

महूकर: काका, नेल्लूर उंच दिसते, पण मांड्या कुठे भरतात? खाटीक पैसे देतो मांसाचे, उंचीचे नाही.

रेवतीताई: दोघंही काळ्या मातीला विसरलात. डॉर्पर कोरड्या मुलखातली. इथे श्रावणभर चिखल, खूर सडतात, जंत होतात. सुंदरबनची गारोळ मेंढी दलदलीतली, जंतांना दाद देत नाही. तिचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून फलटणच्या निंबकर संस्थेने नारी सुवर्णा तयार केली. वर्षाकाठी मादीमागे किती कोकरं हाती लागतात, हे आधी बघा, लोकर नंतर.

देवासचे काका: ताई, जुळ्यांना आईचं दूध पुरलं पाहिजे ना! चरून येणाऱ्या मेंढीला खुराक दिला नाही तर त्यातलं एक हातचं जातं.

रेवतीताई: मग द्या खुराक. व्यायच्या आधी महिनाभर भरडा दिला की कोकरू जड जन्मतं.

महूकर: खुराकाचं मान्य. पण नर मी डॉर्परचाच घेणार, तोही पाठ-पोट पुरतं गळलेलं बघून. पुढच्या कोकरांत उन्हाळ्यानंतरही अंगावर लोकर धरणारी मादी पैदाशीला ठेवणार नाही, थेट विकणार.