‘पत्री सरकार’मधली ‘पत्री’ कुठली?

आमच्या गावातल्या हुतात्मा स्मारकाशेजारी नवा माहितीफलक लावायचा आहे आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. इंग्रजांच्या राज्यात सातारा भागातल्या स्वातंत्र्यचळवळीने स्वतःचं जे सरकार उभं केलं, त्याला मी ‘पत्री सरकार’ असं लिहिलं होतं. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी ते खोडून ‘प्रति सरकार’ केलं आणि समासात ‘पत्री हा अपभ्रंश आहे’ असा शेरा मारला. खरंच तो नुसता अपभ्रंश आहे का? आणि ‘प्रति’चा इथला अर्थ ‘विरोधी’ घ्यायचा की ‘दुसरं’?

---

माझं आजोळ वाळवे तालुक्यातलं. हा शब्द मी पुस्तकात वाचण्याच्या खूप आधी ओट्यावर ऐकला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘प्रति’. मराठीत हा उपसर्ग बऱ्याच कामांना येतो. प्रतिदिन म्हणजे दररोज, प्रतिबिंब म्हणजे तसंच दिसणारं, प्रतिपक्ष आणि प्रतिकार यांत विरोध. पण प्रतिपंढरपूर म्हणतो तेव्हा पंढरपूरला कुणाचा विरोध नसतो, तितक्याच तोलाचं दुसरं ठिकाण उभं केलेलं असतं. विश्वामित्राने केली ती प्रतिसृष्टी. मला ‘प्रतिसरकार’ या ओळीतलं वाटतं. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता) जे चाललं, ते इंग्रज सरकारला नुसता अडथळा करणं नव्हतं. गावोगावी न्यायदान मंडळं होती, जमिनीचे आणि सावकारीचे तंटे तिथे मिटत, दारूबंदी होती, थोड्या खर्चात ‘गांधी विवाह’ लागत, तुफान सेनेचे जवान पहारा देत. कचेरीची पायरी न चढता माणसाचं काम होत होतं. एक सरकार असताना दुसरं उभं केलं, हा ‘प्रति’चा अर्थ. ‘समांतर सरकार’ हा अलीकडचा पुस्तकी शब्द मला इथे फिका वाटतो. समांतर रेषा एकमेकींना कधी भेटत नाहीत, ही दोन सरकारं मात्र रोज एकमेकांना भिडत होती.

याच मुलखात ‘प्रति’चा आणखी एक शब्द पिढ्यानपिढ्या नांदत होता: औंधचे पंतप्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या जागी काम पाहणारा. चळवळीचं मोठं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानातलं. ब्रिटिश हद्दीतल्या पोलिसांना तिथे मोकळा हात नसे, भूमिगतांना त्याचा आधार झाला. म्हणजे ‘प्रति’ हा शब्द तिथल्या लोकांना परका नव्हता.

आता ‘पत्री’. अपभ्रंश म्हणून हात झटकणं मला पटत नाही, आणि त्याला कारण बोलीचंच आहे. आमच्याकडे जोडाक्षरातला ‘प्र’ फोडून बोलतात. प्रसादचा परसाद होतो, प्रकाशचा परकाश. त्याच चालीने ‘प्रति’चं ‘परती’ व्हायला हवं होतं. ते न होता ‘र’ उडी मारून पुढच्या अक्षराला चिकटला. लखनौचं नखलौ होतं तशी अक्षरांची अदलाबदल होते, हे खरं. पण इथे ती अदलाबदल ओळखीच्या दुसऱ्या शब्दाकडे ओढली गेली आहे. तो शब्द म्हणजे बैलाची पत्री.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: घोड्याच्या खुराला एक अखंड नाल बसतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला लोखंडाच्या दोन वेगळ्या चपट्या पट्ट्या लागतात. त्या पत्र्या. उसाची गाडी डांबरी किंवा खडीच्या रस्त्याने ओढायची तर पत्री हवीच, नाहीतर खूर झिजतो. बैलाला दोर लावून आडवा पाडतात, चारी पाय एकत्र बांधतात आणि नालबंद खिळे ठोकतो. लहानपणी मी हे दुरून पाहायचो. पाडलेल्या बैलाचा तो सुस्कारा अजून कानात आहे.

प्रतिसरकारच्या शिक्षांमधली सगळ्यांत गाजलेली शिक्षा तळपायांवरची. पोलिसांचे खबरे, गाव नाडणारे गुंड, बायकांवर हात टाकणारे यांना आडवं पाडून पाय बांधत आणि तळव्यांवर काठीचे फटके देत. पाडणं, बांधणं आणि पायांवर घाव! शेतकऱ्याला हे चित्र कशासारखं दिसलं असेल ते सांगायला नको. ‘त्याला पत्री मारली’ हा वाक्प्रचार तिथून आला आणि ‘प्रति’ला ‘पत्री’ अशी जोडी मिळाली, असं माझं मत आहे. माणसाच्या पायात खरोखर खिळे ठोकत, हे मात्र सांगोवांगी वाढलेलं आहे. चळवळीत राहिलेल्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत काठीच येते.

---

‘पत्री’चा संबंध ‘पत्र’शी नसेल का? भूमिगतांची पत्रकं गुप्तपणे वाटली जात. शिवाय गणपतीला वाहतो ती पत्रीही आहेच.

---

पूजेच्या पत्रीचं मूळ ‘पत्र’ म्हणजे पान, आणि कागदाचं पत्रही तिथूनच आलं. बैलाची पत्री ‘पत्रा’कडून आली आणि पत्र्याचं मूळही पुन्हा पानच: पातळ, चपटं. म्हणजे खोलवर तुमचं म्हणणं जुळतं. पण पत्रकावरून नाव पडलं असतं तर ‘पत्रक सरकार’ किंवा ‘पत्र सरकार’ असं काहीतरी ऐकू आलं असतं, आणि ‘पत्री मारली’ हे क्रियापद त्यासोबत आलं नसतं. मला तरी ते क्रियापद निर्णायक वाटतं.

---

माझी हरकत वेगळी आहे. ‘पत्री’ म्हटलं की लोकांना फक्त मारहाण आठवते. न्यायदान मंडळं, विवाह, दारूबंदी हे सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं जातं. हुतात्मा स्मारकावर तो शब्द नको.

---

हरकत रास्त आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. शिक्षा कठोर होती आणि तिचं भय होतंच. पण तो शब्द गावाने ठेवलेला आहे, आणि त्यामागचं दुःखही गावाचंच. सप्टेंबर १९४२ मध्ये लोक आधी निःशस्त्र गेले होते. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, तिरंगा लागला, मामलेदाराला गांधी टोपी घालावी लागली. ९ तारखेला वडूजला आणि १० तारखेला इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळीबार झाला. वडूजला हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले. ‘मोर्चा’ हा शब्दही पाहा: जुन्या मराठीत तो तोफा लावायची जागा, आपण अजून मोर्चेबांधणी म्हणतो. त्या दिवसांत तो हाती काही न घेता चालत जाणाऱ्या माणसांचा झाला, आणि गोळ्या समोरून आल्या. त्यानंतर खबऱ्याला गावात काय म्हणून सोडायचं, हा प्रश्न गावापुढे उरला. ‘पत्री’ शब्दात ते उत्तर आहे, आवडो वा न आवडो.

प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांनी १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडली आणि पुढे गावकऱ्यांच्याच बोलीत सभा जिंकल्या. त्या माणसाच्या चळवळीला फक्त छापील नाव ठेवायचं, हे मला खटकतं.

---

मग फलकावर काय लिहू?

---

दोन्ही लिहा. उपसर्ग शब्दाला जोडून लिहायचा असतो, म्हणून ‘प्रति सरकार’ असं तोडू नका, ‘प्रतिसरकार’ एकत्र लिहा. ‘अपभ्रंश’ हा शब्द तर अजिबात नको. साधं वाक्य: ‘१९४३ ते १९४६ या काळात या भागात प्रतिसरकारचा कारभार चालला. लोक त्याला पत्री सरकार म्हणत.’ गुरुजींना हे वाचून दाखवा, आणि त्यांच्या घरी बैल होते का तेही विचारा. असतील तर पत्री कुठे मारून घ्यायचे, हे त्यांना नक्की आठवत असेल.