मदत हवी आहे: कोविडवरच्या खुल्या शोधनिबंधांत सिद्धान्त 'वापरला' असं कधी धरायचं?

प्रबंधासाठी २०२० ते २०२२ मधले, लस घ्यायच्या तयारीवरचे ओपन ॲक्सेस निबंध तपासते आहे. सिद्धान्त एकच: हेल्थ बिलीफ मॉडेल (आजाराबद्दलच्या समजुतींवरून माणूस काय करेल हे सांगणारं). युरोप पीएमसीवर (वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) शोधलं की ढीगभर निबंध येतात, पण कित्येकांत मॉडेलचं नुसतं नाव. गाळायचे कसे?

प्रतिसाद १
पूर्ण मजकुरातला शोध कुठेही ओझरतं आलेलं नावही पकडतो, म्हणून ढीग. तरी फक्त शीर्षक-सारांशावर जाऊ नका. ज्यांत नाव थेट पद्धती विभागात येतं ते निबंध निसटतील. गाळणी हातानेच करावी लागते.

निबंधात सिद्धान्त किती खोलवर वापरला याची पेंटर आणि सहकाऱ्यांची २००८ची वर्गवारी घ्या: नुसता आधार, उपयोजन, चाचणी, बांधणी. मॉडेलचे निम्म्याहून जास्त घटक (शक्यतेची जाणीव, गांभीर्याची जाणीव वगैरे) मोजून तपासले असतील तरच 'चाचणी'.

आता खरी मेख. स्वक्षमता ('हे मला जमेल' हा विश्वास) हा घटक या मॉडेलमध्ये १९८८ला जोडला गेला, त्यामुळे कोणी पाच घटक धरतं, कोणी सहा. तीन घटक मोजणारा निबंध पाचांच्या हिशेबात 'चाचणी'त बसतो, सहांच्या हिशेबात बसत नाही. पाच की सहा, हे निबंध उघडण्याआधी ठरवून लिहून ठेवा.

मग जोडपत्रातली प्रश्नावली उघडून प्रत्येक प्रश्नापुढे घटक लिहा. 'मला कोविड होण्याची शक्यता किती?' हा शक्यतेच्या जाणिवेचा प्रश्न. 'कोविडची भीती वाटते का?' यात ना धड शक्यता, ना धड गांभीर्य. लेखकांनी काहीही म्हटलं असलं तरी तो मोजू नका. प्रश्नावली दिलेलीच नसेल तर 'ठरवता येत नाही' असा वेगळा रकाना करा.

प्रतिसाद २
फुकट वाचता येतो म्हणून ओपन ॲक्सेस धरू नका. साथीत अनेक प्रकाशकांनी निबंध तात्पुरते खुले केले, त्यांवर क्रिएटिव्ह कॉमन्स (पुनर्वापराची मुभा देणारा) परवाना नाही. निबंध कितपत खुला आहे हे सांगणाऱ्या अनपेवॉल या सेवेत डीओआय (निबंधाचा ओळख क्रमांक) टाका. 'ब्राँझ' (वाचायला फुकट, पण खुला परवाना नाही) आलं तर बाजूला काढा. मेडआर्काइव्ह या संकेतस्थळावरची पूर्वप्रत (परीक्षणाआधीची प्रत) आणि छापील निबंध दोनदा मोजले जातात. शीर्षक अनेकदा बदलतं, तेव्हा लेखक आणि नमुनासंख्या जुळवून पाहा.

धागाकर्ती
खूप आभार! वर्गवारी मी एकटीनेच केली तर चालेल?

प्रतिसाद १
नको. निदान २० निबंध दुसऱ्या कोणाकडून स्वतंत्रपणे करून घ्या आणि कोहेनचा कॅपा (दोघांची वर्गवारी किती जुळते याचं माप) काढा. ०.६च्या खाली आला तर आधी घटकांच्या व्याख्या नेमक्या करा, मग पुढचे निबंध घ्या.