प्लेटलेट्स ठीक, तरी रक्त थांबेना

प्लेटलेट्स (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या रक्तातल्या पेशी) नॉर्मल असताना नुसत्या अँटिबायोटिकने रक्तस्राव कसा होईल, असा प्रश्न पडणं रास्त आहे. पण दोष दर वेळी प्लेटलेट्सचाच असतो असं नाही.

आमच्या मामांना पित्ताशयाच्या इन्फेक्शनसाठी सेफोपेराझोन हे अँटिबायोटिक चालू होतं. आठवडाभर पोटात अन्न नाही, नुसतं सलाईन. एके सकाळी सुई काढलेल्या जागेवरचा कापूस तिसऱ्यांदा लाल झाला तेव्हा मामीला शंका आली. तपासलं तर प्लेटलेट्स दोन लाखांवर, पण आयएनआर ६.२! (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा हा आकडा; एरवी तो १ च्या आसपास असतो, वाढला की रक्त उशिरा गोठतं.)

गंमत अशी, की रक्त गोठवणारे २, ७, ९ आणि १० नंबरचे फॅक्टर (प्रथिनं) यकृतात बनतात, पण के जीवनसत्त्वाशिवाय ते कुचकामी. के मिळतं मुख्यतः पालेभाज्यांतून, थोडं आतड्यातल्या जिवाणूंकडून. इथे जेवण बंद, जिवाणूही औषधाने साफ. त्यात सेफोपेराझोनच्या रेणूला एक शेपटी असते, ती वापरलेलं के पुन्हा कामाला येऊ देत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवण्याचं औषध जे मुद्दाम करतं, तेच हिचं उपद्व्यापी काम.

व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक बदललं. दुसऱ्या दिवशी आयएनआर १.४.

मात्र रक्त गोठण्याच्या दोन तपासण्यांपैकी पीटी (आयएनआर हिच्यावरूनच काढतात) नॉर्मल आणि एपीटीटीच वाढलेला असेल तर प्रकरण वेगळं. फॅक्टर ८ विरुद्ध शरीरानेच अँटिबॉडी (त्याला निकामी करणारी प्रथिनं) केल्या असू शकतात. पेनिसिलिननंतर असं झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत. तिथे के देऊन उपयोग नाही, सरळ हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) गाठायचा.